यंत्रांच्या आज्ञा आणि यंत्राचा पहारा

जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटीं ‘शुद्धिपत्र’ म्हणून एक पान जोडलेलें असे. अमुक पृष्ठावर अमुक ओळींत अमुक शब्द चुकला आहे, वाचकांनीं तो सुधारून घ्यावा, अशी विनंति त्यांत केलेली असे. आणि वाचकहि ती चूक मनांतल्या मनांत दुरुस्त करून पुढें जात. छापील पुस्तकांत ही सोय चालते, कारण वाचणारा मनुष्य असतो. एखादें अक्षर गळलें, एखादी वेलांटी चुकली, तरी अर्थ कोणता असावा हें तो संदर्भावरून ताडतो. परंतु ज्या लिखाणाचा वाचक मनुष्य नसून यंत्र आहे, त्याची गोष्ट अगदींच निराळी. संगणकास जी आज्ञांची मालिका द्यावी लागते, जिला प्रोग्रॅम असें म्हणतात, तिच्यांतील प्रत्येक अक्षर यंत्र जसेंच्या तसें पाळतें. लिहिणाराच्या मनांत काय होतें याची विचारपूस तें करीत नाहीं. म्हणून या लिखाणास मुद्रितशोधक पाहिजे, आणि तो छपाईच्या आधीं पाहिजे; शुद्धिपत्रावर येथें भागत नाहीं. हा मुद्रितशोधक प्रथम मनुष्य होता, पुढें तोहि यंत्रच झाला, आणि शेवटीं त्याला दारावर पहारेकरी म्हणून उभें करण्यांत आलें. हा सारा पालट सुमारे पाऊणशें वर्षांतला आहे. त्याचा इतिहास मनोरंजक आहेच. पण यंत्रावर भिस्त कोठवर टाकावी, या आजच्या मोठ्या प्रश्नाचें थोडेंबहुत उत्तरहि त्यांत सांपडतें.

या इतिहासाचा आरंभ इंग्लंडांतील केंब्रिज विद्यापीठांत झाला असें म्हणावयास हरकत नाहीं. तेथें मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखालीं बांधलेला एड्सॅक नांवाचा संगणक ६ मे १९४९ रोजीं प्रथम चालूं झाला. यंत्र बांधणें हेंच खरें कठीण काम, त्याला आज्ञा लिहून देणें त्यामानानें सोपें, असेंच तेव्हां वाटत होतें. त्याच वर्षीं विल्क्स यांनीं एअरी यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या समीकरणासाठीं एक प्रोग्रॅम लिहिला. तो अवघ्या १२६ ओळींचा. पण त्यांत सुमारे २० चुका निघाल्या. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग आपल्याच चुका शोधण्यांत जाणार, ही जाणीव आपणांस त्या दिवसांत जिना चढतां चढतां झाली, असें त्यांनीं पुढें आपल्या आठवणींत नमूद केलें आहे. जो मनुष्य यंत्र घडवूं शकतो, त्यालाहि यंत्राशीं न चुकतां बोलतां येत नाहीं, हा त्या जिन्यावरचा धडा होता. आणि तो अद्यापि शिळा झालेला नाहीं.

पुढील वीस वर्षांत संगणक वाढले, प्रोग्रॅम वाढले आणि त्यांच्याबरोबर चुकाहि वाढल्या. मनुष्याला सुलभ अशा भाषेंत आज्ञा लिहाव्या आणि त्यांचें यंत्राच्या भाषेंत रूपांतर करण्याचें काम ‘कंपायलर’ नांवाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमवर सोपवावें, ही युक्ति १९५७ सालीं आयबीएम कंपनीच्या फोर्ट्रान भाषेनें सर्वत्र रूढ केली. कंपायलर हा एका अर्थीं यांत्रिक मुद्रितशोधकच होय. कारण व्याकरणांत न बसणारें वाक्य दिसलें कीं तो अडून बसतो. परंतु व्याकरणशुद्ध वाक्य खरें असतेंच असें नाहीं. ‘सूर्य पश्चिमेस उगवला’ या वाक्यांत व्याकरणाचा दोष कोणता? अशा निर्दोष वाक्यांनींच मोठमोठे प्रोग्रॅम बिघडत होते. १९६८ सालच्या ऑक्टोबरांत जर्मनींतील गार्मिश येथें नाटो संघटनेच्या विद्यमानें तज्ज्ञांची एक परिषद भरली. मोठे प्रोग्रॅम वेळेवर पुरे होत नाहींत, खर्चाच्या अंदाजांत बसत नाहींत आणि चालूं लागल्यावरहि त्यांचा भरंवसा धरवत नाहीं, ही कबुली तेथें उघडपणें देण्यांत आली. ‘सॉफ्टवेअर इंजिनियरिंग’ हा शब्दप्रयोग प्रतिष्ठा पावला तो या परिषदेपासून.

उपाय दोन बाजूंनीं सुचले. एक मनुष्याच्या बाजूनें. आयबीएममधील मायकेल फॅगन यांनीं १९७६ सालीं प्रोग्रॅमच्या रीतसर परीक्षणाची पद्धति प्रसिद्ध केली. एकानें सभा चालवावी, एकानें मजकूर वाचून त्याचा अर्थ सांगावा, इतरांनीं दोष टिपावे, आणि दुरुस्तीची चर्चा तेथें न करतां दोषांची यादी तेवढी लेखकाच्या हातीं द्यावी, अशी ती शिस्त होती. तिचा उपयोग निःसंशय झाला. परंतु चार शहाण्या माणसांनीं तासन् तास बसून ओळ न् ओळ वाचणें हें खर्चाचें काम. आणि डोळे थकले कीं मनुष्य जें लिहिलें आहे तें न वाचतां जें असावयास हवें तेंच वाचूं लागतो. आपल्या मजकुराचीं मुद्रितें आपण एकट्यानें तपासूं नयेत, हा छापखान्यांतला अनुभव यामुळेंच.

दुसरा उपाय यंत्राच्या बाजूनें आला. अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत बेल लॅबोरेटरीज ही प्रख्यात संशोधनसंस्था होती. डेनिस रिची यांनीं १९७२ च्या सुमारास ‘सी’ ही भाषा तेथेंच घडविली. ही भाषा चपळ, पण लिहिणारावर अतोनात विश्वास टाकणारी. विहिरींत उडी घ्या म्हटलें तर घेणारी. कंपायलर लहान आणि जलद असावा म्हणून अनेक तपासण्या त्यांत मुद्दाम ठेवल्या नव्हत्या. ती उणीव भरून काढण्यासाठीं तेथील स्टीफन जॉन्सन यांनीं एक निराळा प्रोग्रॅम लिहिला आणि १९७८ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘लिंट’. कापडाला चिकटणारे सुताचे बारीक कण, त्यांना इंग्रजींत लिंट म्हणतात. कापड चांगलेंच आहे, त्यावरील कचरा तेवढा झटकावयाचा, असा त्या नांवांतला भाव.

लिंट प्रोग्रॅम चालवीत नसे. तो नुसता वाचीत असे. गृहिणी ज्याप्रमाणें तांदूळ शिजविण्यापूर्वीं ताटांत पसरून खडे निवडते, त्याप्रमाणें तो आज्ञा पसरून त्यांतील संशयास्पद जागा दाखवी. एखाद्या राशीला किंमत देण्यापूर्वींच ती वापरली आहे; एखादी राशि घोषित केली पण कोठेंच वापरली नाहीं; एका विभागांत दोन संख्या मागणाऱ्या क्रियेला दुसऱ्या विभागांत तीन दिल्या आहेत; अमुक ओळीपर्यंत यंत्र कधींच पोंचणार नाहीं; अशा त्याच्या तक्रारी असत. यांतील एकहि गोष्ट व्याकरणाविरुद्ध नाहीं, पण प्रत्येकीमागें बहुधा लेखकाचें दुर्लक्ष असतें. जॉन्सन यांचा शहाणपणा असा कीं, त्यांनीं लेखकास उत्तर देण्याचीहि सोय ठेवली. ‘हें मीं जाणूनबुजून केलें आहे’ अशा अर्थाची ठराविक खूण मजकुरांत लिहिली कीं लिंट त्या जागीं गप्प बसे. प्रश्न यंत्रानें विचारावा, उत्तर मनुष्यानें द्यावें, ही वांटणी येथें प्रथम स्पष्ट झाली.

ही वांटणी केवळ सौजन्याची नव्हे. तिच्यामागें गणिताचा निर्णय आहे. कोणताहि प्रोग्रॅम थांबेल कीं नाहीं हें अचूक सांगणारी एकच सर्वसाधारण रीति असूं शकत नाहीं, हें ॲलन ट्यूरिंग यांनीं १९३६ सालीं सिद्ध केलें. आणि प्रोग्रॅमच्या वर्तनाविषयींच्या इतर प्रश्नांनाहि हीच मर्यादा लागूं पडते, हें हेन्री राइस यांनीं १९५३ सालीं दाखविलें. तात्पर्य, सर्व प्रोग्रॅम तपासणारा सर्वज्ञ परीक्षक होणें नाहीं. जो परीक्षक एकहि दोष सुटूं देणार नाहीं, तो केव्हां ना केव्हां निर्दोषावर आळ घेईल. आणि जो कोणावर आळ घेणार नाहीं, त्याच्या हातून कांहीं दोष निसटतील. पुढच्या सर्व इतिहासांत ही ओढाताण दिसून येते.

दोष निसटला तर काय होतें, याचें जगजाहीर उदाहरण ४ जून १९९६ रोजीं घडलें. त्या दिवशीं युरोपांतील राष्ट्रांचा एरियान-५ हा नवा अग्निबाण दक्षिण अमेरिकेंतील कुरू येथून प्रथमच सुटला, आणि चाळीस सेकंदांच्या आंत मार्ग सोडून आकाशांत फुटला. त्याच्याबरोबर क्लस्टर नांवाचे चार शास्त्रीय उपग्रह नष्ट झाले. झाक-लुई लिऑन्स यांच्या चौकशी मंडळानें कारण शोधलें तें इतकेंच : ६४ अंकस्थानांत मांडलेली एक संख्या १६ अंकस्थानांच्या जागेंत बसविण्याचा यंत्रानें प्रयत्न केला, आणि ती तेथें मावली नाहीं. हा भाग एरियान-४ या जुन्या अग्निबाणाच्या प्रोग्रॅममधून जशाचा तसा उचललेला होता. जुन्याच्या वेगाला ती संख्या कधींच एवढी मोठी होत नसे, म्हणून तेथें संरक्षण ठेवलेलें नव्हतें. नव्याचा मार्ग निराळा होता. पायली तीच, धान्य मात्र दुप्पट!

या अपघातानंतर यांत्रिक तपासणीकडे पाहण्याची दृष्टि बदलली. फ्रान्समध्यें पॅट्रिक व रादिया कुझो या दंपतीनें १९७७ सालापासून एक गणिती पद्धति विकसित केली होती. प्रोग्रॅम न चालवतां त्यांतील प्रत्येक राशि कोणत्या मर्यादेंत राहील याचा हिशेब मांडावयाचा, हें तिचें सूत्र. तिच्या आधारें तयार झालेल्या आस्त्रे या साधनानें २००३ सालीं एअरबस ए-३४० या विमानाच्या मुख्य नियंत्रण प्रोग्रॅमांत अशा जातीचा एकहि दोष नाहीं, हें सिद्ध करून दाखविलें. राइस यांच्या निर्णयाला येथें बाध आला नाहीं; सर्व प्रोग्रॅमांसाठीं जें अशक्य, तें एका ठराविक प्रकारच्या प्रोग्रॅमसाठीं परिश्रमानें साधलें, इतकेंच.

साधन मिळालें, पण तें केव्हां वापरावयाचें? पुष्कळ दिवस उत्तर असें होतें कीं, आठवण होईल तेव्हां. दहा माणसें महिनोन् महिने आपापले भाग निरनिराळे लिहीत आणि शेवटीं ते जुळवीत. मग भांडणें, धांवपळ आणि विलंब. १९९९ सालीं केंट बेक यांच्या एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग या ग्रंथानें उलट सल्ला दिला : प्रत्येकानें आपलें काम दिवसांतून अनेकदां समाईक साठ्यांत मिळवावें आणि दर वेळीं सर्व चाचण्या चालवाव्या. हें हातानें करणें कंटाळवाणें, म्हणून तेंहि यंत्राकडे गेलें. २००१ सालीं क्रूझकंट्रोल हा प्रोग्रॅम या कामासाठीं निघाला. सन कंपनींतील कोहसुके कावागुची यांनीं २००५ सालीं हडसन नांवाचा असाच प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. २०११ पासून त्याचा मुख्य वंश जेन्किन्स या नांवानें चालत आला आहे. २००५ सालींच लिनस टोरवाल्ड्स यांनीं समाईक मजकूर संभाळणारी गिट ही व्यवस्था लिहिली. मजकूर साठ्यांत पडण्यापूर्वीं आपण सांगितलेली तपासणी करण्याची तिच्यांत सोय होती. अशा रीतीनें पूर्वीं कपाटांत पडून असलेला मुद्रितशोधक दारावर येऊन उभा राहिला.

या पहाऱ्याची रचना पाहण्यासारखी आहे. पहिली चौकी लिहिणाराच्या स्वतःच्या यंत्रावर. तेथें समासाची मांडणी, न वापरलेलीं नांवें, उघड दिसणाऱ्या चुका, असें क्षणांत होणारें काम चालतें. कारण येथें उशीर लागला तर मनुष्य चौकी टाळूं लागतो. दुसरी चौकी समाईक यंत्रावर. तें यंत्र मजकूर स्वच्छ जागीं नव्यानें उतरवून घेतें, कंपायलर चालवितें, सर्व चाचण्या करतें आणि हिरवी अथवा तांबडी खूण दाखवितें. ‘माझ्याकडे तर चालत होतें’ ही सबब तेथें चालत नाहीं. तिसरी चौकी माणसाची. सहकारी मजकूर वाचतो. परंतु आतां त्याला स्वल्पविराम मोजावे लागत नाहींत, तो हेतु पाहूं शकतो. तिन्हीं ठिकाणीं संमति मिळाली कीं मगच मजकूर मुख्य साठ्यांत जातो. जुन्या, अवाढव्य प्रोग्रॅमवर असा पहारा बसवितांना अनुभवी लोक एक पथ्य पाळतात. पहिल्याच दिवशीं हजारों तक्रारी समोर आल्या तर कोणी एकहि वाचीत नाहीं. म्हणून जुन्या तक्रारी तूर्त नोंदून बाजूला ठेवावयाच्या, थोडे आणि निर्विवाद नियम निवडावयाचे, आणि नव्या किंवा बदललेल्या ओळींपुरतेंच ते लागूं करावयाचे. घर एका दिवसांत झाडून होत नसेल तर निदान नवा केर आंत येऊं देऊं नये.

हें पथ्य लोकांना ठेंच लागूनच कळलें. मेरीलंड विद्यापीठांतील बिल प्यू आणि डेव्हिड होव्हमेयर यांनीं जावा भाषेसाठीं फाइंडबग्ज हें साधन तयार केलें. गूगल कंपनीनें २००९ सालच्या मे महिन्यांत त्याच्या इशाऱ्यांसाठीं एक आठवडाच राखून ठेवला. शेंकडों इंजिनियरांनीं ३,९५४ इशारे तपासले; प्रत्यक्ष दुरुस्त झाले अवघे ६४०. इशारे सगळेच खोटे होते असें नव्हे. परंतु ज्यानें ती ओळ दोन वर्षांपूर्वीं लिहिली त्याचें लक्ष आतां दुसरीकडे होतें, आणि चालत्या प्रोग्रॅमला हात लावण्याचें भय होतें. पुढें त्याच कंपनीनें इशारा देण्याची वेळ बदलली. लेखक नवी ओळ सहकाऱ्यास दाखवीत असतांच, त्या ओळीशेजारीं, यंत्राचें म्हणणें दिसूं लागलें. आणि ज्या तपासणीचे इशारे लोकांना वारंवार निरुपयोगी वाटत ती काढून घेण्याचा नियम झाला. तेव्हां साधनाचा स्वीकार झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील संशोधनांतून निघालेल्या कव्हेरिटी या कंपनीच्या संस्थापकांनींहि २०१० सालीं आपला अनुभव लिहिला कीं, शंभरांत तीसांहून अधिक इशारे खोटे निघाले तर लोक साधनाकडे पाहिनासे होतात. लांडगा आला रे आला ही गोष्ट यंत्रालाहि चुकली नाहीं.

येथवर हा इतिहास प्रगतीचा वाटतो. परंतु त्यांत दोन प्रसंग असे आहेत कीं, ते एकमेकांशेजारीं ठेवल्याशिवाय त्याचा अर्थ पुरा होत नाहीं.

पहिला प्रसंग डेबियन या लोकप्रिय संगणकव्यवस्थेचा. गुप्त व्यवहारासाठीं लागणाऱ्या किल्ल्या तयार करण्याचें काम तिच्यांत ओपनएसएसएल हा प्रोग्रॅम करतो. किल्ली कोणालाहि ओळखतां येऊं नये म्हणून ती फांशाच्या दानासारख्या अनिश्चित संख्यांवरून बनवितात. व्हॅलग्राइंड या तपासणी-साधनानें तक्रार केली कीं, येथें किंमत न दिलेली जागा वाचली जात आहे. तक्रार खरी होती. एके ठिकाणीं ती जागा मुद्दामच वाचली जात होती, आणि तिच्यावांचून चाललेंहि असतें. पण तशीच दिसणारी दुसरी ओळ म्हणजे सगळी अनिश्चितता ज्या वाटेनें आंत येत असे तो दरवाजा होता. २००६ सालीं दोन्ही ओळी काढून टाकण्यांत आल्या. काढण्यापूर्वीं जाणकारांना विचारलेंहि होतें. पण परिणाम कोणाच्या ध्यानांत आला नाहीं. यंत्राची कुरकुर थांबली, सर्वत्र शांतता झाली; आणि त्या शांततेंत एका प्रकारच्या यंत्रावर एका लांबीच्या किल्ल्या ३२,७६८ हून अधिक निघेनाशा झाल्या. चोरानें त्या सगळ्या एका दिवसांत लावून पाहाव्या, इतक्या थोड्या! मे १२, २००८ नंतरच्या सकाळीं, म्हणजे १३ तारखेस, हा दोष जाहीर झाला. तोंपर्यंत जवळजवळ दोन वर्षें कुलुपें लागत होतीं, पण तीं नांवालाच होतीं.

दुसरा प्रसंग २०१४ सालचा. त्या वर्षीं २१ फेब्रुवारीस ॲपल कंपनीनें आपल्या फोनसाठीं एक तांतडीची दुरुस्ती प्रसिद्ध केली. समोरचें संकेतस्थळ खरें कीं तोतया, हें पडताळून पाहणाऱ्या भागांत ‘येथून बाहेर पड’ अशा अर्थाची एक ओळ चुकून दोनदां लिहिली गेली होती. पहिली ओळ अटीवर अवलंबून होती. दुसरीला अट नव्हती. त्यामुळें यंत्र दर वेळीं तेथूनच बाहेर पडे, पुढची पडताळणी होतच नसे, आणि तोतयालाहि खऱ्याचा मान मिळे. २०१२ सालच्या सप्टेंबरांतील आवृत्तीपासून, म्हणजे सुमारे दीड वर्ष, हा दोष लोकांच्या खिशांत वावरत होता. दुसऱ्या ओळीखालील आज्ञांपर्यंत यंत्र कधींच पोंचत नाहीं, हें ओळखणें म्हणजे लिंटनें १९७८ सालींच केलेली गोष्ट. परंतु त्या काळच्या प्रचलित कंपायलरांच्या नेहमीच्या इशाऱ्यांत हा इशारा येत नसे. तो निराळा मागावा लागे. २०१६ सालीं जीसीसी या कंपायलरनें असली फसवी मांडणी ओळखणारा नियम आपल्या नेहमीच्या इशाऱ्यांत घातला.

एकीकडे यंत्र बोललें आणि मनुष्यानें त्याला समजून न घेतां गप्प केलें. दुसरीकडे जें यंत्र बोललें असतें, त्याला दारावर उभें केलेलेंच नव्हतें. पहिल्या प्रसंगावरून कोणी म्हणेल कीं यंत्राचें ऐकूं नये. दुसऱ्यावरून म्हणेल कीं यंत्राचेंच ऐकावें. वस्तुतः दोहोंचा धडा एकच आहे. इशारा ही आज्ञा नव्हे, तो प्रश्न आहे. प्रश्न विचारण्याचें काम यंत्रानें न थकतां, दर वेळीं, न वगळतां करावें. परंतु तो प्रश्न पुसून टाकणें म्हणजे त्याचें उत्तर देणें नव्हे.

हाच विवेक आंकड्यांच्या बाबतींतहि हवा. टॉमस मॅकेब यांनीं १९७६ सालीं प्रोग्रॅममधील वांकणें मोजून त्याची गुंतागुंत एका आंकड्यांत सांगण्याची रीति काढली आणि एका भागाला १० ही मर्यादा सुचविली. सुचविलेली मर्यादा कचेरींत फतवा झाली कीं लोक भाग तोडून आंकडा कमी करतात. गुंता मात्र तसाच राहतो. चाचण्यांनीं शंभरांतील किती ओळी चालवून पाहिल्या, हा आंकडा वाढवा म्हटलें कीं कांहींच न पडताळणाऱ्या चाचण्या लिहिल्या जातात. याच्या उलट, जेथें प्रश्न केवळ रूढीचा आहे तेथें यंत्राचा निर्णय निमूटपणें मानणेंच हिताचें. अनुस्वार द्यावा कीं न द्यावा या वादांत मराठी लेखकांनीं किती कागद खर्ची घातला हें सर्वांस ठाऊक आहे; समासाच्या मोकळ्या जागेवरून प्रोग्रॅम लिहिणारांचेहि तसेच वाद चालत. २००९ सालीं प्रसिद्ध झालेल्या गो भाषेनें मजकुराची मांडणी ठरविण्याचें काम एका यंत्राकडे सोपवून तो वादच मिटविला.

महाराष्ट्राचाहि या विषयाशीं संबंध आहे. पुणें येथें १९८१ सालीं टाटा समूहानें स्थापन केलेल्या संशोधन व आरेखन केंद्रांत प्रोग्रॅमची यंत्राकरवीं तपासणी या विषयावर दीर्घकाळ काम झालें. आणि आज पुण्यामुंबईच्या घराघरांतून तरुण मुलेंमुली या हिरव्या-तांबड्या खुणांवर नजर ठेवून दिवस काढतात. तांबडी खूण दिसली कीं घरीं यावयास उशीर होतो, एवढेंच घरच्यांना कळतें. त्या खुणेमागें एरियानचा स्फोट, डेबियनच्या किल्ल्या आणि विल्क्स यांचा जिना उभा असतो, हें त्यांनीं जाणून घ्यावयास हवें. बँकेंतील ठेव, रुग्णालयांतील औषधाची मात्रा, आगगाडीचा सिग्नल, हें सारें आतां अशा लिखाणावर चालतें. आणि त्याचें शुद्धिपत्र मागाहून जोडतां येत नाहीं. पहारेकरी दारावर असावा, जागा असावा, विनाकारण ओरडणारा नसावा. मात्र त्यानें हांक दिली कीं उठून पाहावयाचें काम घरधन्याचेंच.